एकच हिशेब, दोन फोन

मुलांनो, जुन्नर तालुक्यातील बेल्हे या गावी दर सोमवारी आठवडे बाजार भरतो. तेथील बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. या भागात कांदा पुष्कळ पिकतो. येथे कांद्याचा भाव बहुधा दहा किलोस सांगतात. सरकारी तक्त्यात मात्र तो क्विंटलला, म्हणजे 100 किलोस, दिलेला असतो.

समजा, शेतकऱ्यांसाठी तुम्ही एक ॲप तयार केले. वजन व भाव लिहिला, की ते रक्कम सांगते. कांदा 2,000 किलो आणि भाव दहा किलोस 250 रुपये असेल, तर रक्कम 50,000 रुपये होते. कोणाकडे अँड्रॉइड फोन असतो, कोणाकडे आयफोन. म्हणून तुम्ही हा हिशेब दोन्हींसाठी वेगवेगळा लिहिला. एका ठिकाणी तोच भाव क्विंटलचा धरला गेला. आता तो फोन 5,000 रुपयेच दाखवील! मग शेतकऱ्याने कोणत्या फोनवर विश्वास ठेवावा?

यावर उपाय सोपा आहे. जे समान आहे, ते एकदाच लिहावे. कोटलिन ही संगणकाची भाषा जेटब्रेन्स या कंपनीने 2011 मध्ये जाहीर केली. तिच्यात यासाठी वेगवेगळे कप्पे करता येतात. हिशेब व नियम सामाईक कप्प्यात राहतात. अँड्रॉइडचा कप्पा वेगळा आणि आयफोनचा वेगळा.

माहिती साठवण्यासारखी कामे प्रत्येक फोन आपल्या रीतीने करतो. अशा वेळी सामाईक कप्पा फक्त सांगतो, “मला हे काम करून हवे.” ते काम त्या त्या फोनचा कप्पा करतो. एखाद्या कप्प्यात ते लिहायचे राहिले, तर ॲप तयारच होत नाही. त्यामुळे उणीव बाजारात जाण्यापूर्वीच कळते.

मात्र सगळेच सामाईक कप्प्यात कोंबू नये. तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता आणि मराठी डावीकडून. लिपी बदलली, तरी बेरजेचे उत्तर बदलत नाही. लिपी ज्या त्या भाषेची असावी. हिशेब मात्र सर्वांचा एकच असावा.

शब्दार्थ
सामाईक – सर्वांचा मिळून असलेला
उणीव – कमतरता
कोंबणे – दाबून भरणे

स्वाध्याय
1. दोन फोनांवर वेगवेगळ्या रकमा का दिसल्या?
2. सामाईक कप्प्यात काय ठेवावे? काय ठेवू नये?
3. भाव क्विंटलला 1,800 रुपये असेल, तर दहा किलोस किती?