थोरली पिल्ले आणि धाकटी पिल्ले

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोंबड्या आहेत. पण लहान-मोठ्या वयाची पिल्ले एकत्र कशी करावीत, हे आमच्या घरी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. चार पिल्ले गेली तेव्हा आम्हाला ते कळले.

गेल्या हिवाळ्यात आईने एक दिवसाची २५ पिल्ले आणली. पडवीत पत्र्याचे गोल कडे केले, खाली भाताचे तूस पसरले आणि वर बल्ब टांगला. तीन आठवड्यांनी आणखी २० पिल्ले आली. बाबा म्हणाले, "ऊब आहेच की, सोड त्यांनाही त्यातच." मी माझ्या हाताने ती सोडली. सकाळी पाहते तो काय, चार पिल्ले मरून पडलेली! एकाच्या पाठीतून रक्त येत होते. मला रडूच आले.

आजी म्हणाली, "अगं, थोरल्यांच्या गर्दीत धाकट्यांना घास मिळतो होय?"

मग गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तीन कारणे समजावून सांगितली.

१) ऊब : पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी कमी करतात. म्हणून एकाच बल्बाखाली धाकटी तरी गारठतात, नाही तर थोरली तरी उकडतात. पिल्ले बल्बाखाली दाटी करून ओरडू लागली तर थंडी वाजते. चोच उघडून लांब पळाली तर उकडते. सगळीकडे पसरून दाणे टिपू लागली तर ऊब बरोबर आहे.

२) ताकद : थोरली धाकट्यांना चोची मारतात, दाण्यापाण्यापासून हुसकतात. रक्त दिसले की सगळीच तिथे टोचतात.

३) रोग : थोरली धडधाकट दिसली, तरी त्यांच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू तुसात पडतात. धाकट्यांना ते झेपत नाहीत.

आता आम्ही असे करतो :

दोन-तीन दिवसांचाच फरक असेल तर पिल्ले एकत्र ठेवतो. जास्त फरक असेल तर कडे वेगळे, बल्ब वेगळा, भांडीही वेगळी. दाणापाणी आधी धाकट्यांना, मग थोरल्यांना. मध्ये हात धुवायचे. लस ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे.

धाकटी सहा आठवड्यांची झाली, अंगभर पिसे आली, की खुराड्यात मध्ये जाळी लावून आठवडाभर शेजारी ठेवतो. एकमेकांना पाहून सवय होते. मग तूस बदलून, दाण्यापाण्याची दोन भांडी जास्त मांडून, दिवस मावळताना जाळी काढतो. सकाळी उजाडताच जाऊन बघतो. कोणी जखमी दिसले तर लगेच बाजूला काढतो.

त्या खेपेची उरलेली १६ पिल्ले आम्ही त्याच सकाळी वेगळी केली. ती सगळी जगली. पाठीवर टोचलेले पिल्लू आता मोठी कोंबडी झाले आहे, अंडी देते. पण ती चार मी विसरले नाही.

पालकांनो, नवी पिल्ले आणायला जाण्याआधी घरी दुसरे कडे तयार ठेवाल ना?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी