धुराविना प्रदूषण आणि संमतीपत्र

पवारांच्या संस्थानांमुळे धार आणि देवास ही नावे मराठी वाचकास परिचित आहेत. आज त्यांची ओळख कारखान्यांमुळेही होते. 2025 साली भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील कचरा धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे जाळण्यात आला, तेव्हा साऱ्यांचे लक्ष तेथील धुराड्याकडे लागले होते. ते स्वाभाविकच होते. परंतु ज्याला धूर नाही अशा प्रदूषणाकडे सहसा कोणी पाहत नाही.

यंत्रांचे सुटे भाग रंगविण्यापूर्वी त्यांवरील तेलचिकटा काढावा लागतो. त्यासाठी काही कारखान्यांत ट्रायक्लोरोएथिलीनसारखे द्रावक टाकीच्या तळाशी तापवितात. ते 87 अंश सेल्सिअसला उकळते. वाफ थंड धातूवर जमते व थेंबांबरोबर तेल खाली नेते. टाकीच्या वरच्या कडेस थंड पाण्याच्या नळ्या असतात. वाफ अडविण्याचे काम त्यांचे. पाणी बंद पडले, झाकण उघडे राहिले किंवा भाग घाईने ओलेच वर उचलले, की वाफ बाहेर पडते. ती हवेच्या सुमारे साडेचार पट जड असल्याने जमिनीलगत व खड्ड्यांत साठते. कामगाराचे डोके दुखते, गुंगी येते. शिवाय हे द्रव्य मानवात कर्करोग उत्पन्न करणारे आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली दिला.

“आमच्याकडे धुराडेच नाही, मग संमती कशाची?” असे लहान कारखानदार विचारतात. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1981 मध्ये प्रदूषकाच्या व्याख्येत धुराची अट नाही. अपायकारक प्रमाणात हवेत असलेला कोणताही घन, द्रव वा वायुरूप पदार्थ तीत येतो. कलम 21 प्रमाणे हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात उद्योग उभारण्यास व चालविण्यास राज्य मंडळाची पूर्वसंमती लागते, आणि नियंत्रणाची कोणती साधने बसवावीत याच्या अटी मंडळ घालू शकते. अर्जात टाकीचा उल्लेखच गाळला, तर अट घालणार कशावर? द्रावक किती आणले व किती उरले, याची नोंदवही ठेवावी. उडून गेलेल्या मालाची किंमत मालकालाही त्यातूनच कळते.

वापरलेले द्रावक नाल्यात ओतू नये. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. गरम क्षारयुक्त पाण्याने भाग धुण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी चालते, मात्र तिच्या सांडपाण्यासाठी 1974 च्या जल अधिनियमाखालील संमती घ्यावी लागते.