एक जुळणी कीं दोन?

अमेरिकेंतील पेडल स्टील गिटारवर पायांच्या पेडलांनीं व गुडघ्यांच्या दांड्यांनीं तारांचे स्वर चढतात-उतरतात. पुष्कळ वादक जोडवाद्य घेतात: 10 तारा ‘ई-नाईन’ जुळणीच्या, कंट्री गीतांसाठीं, 10 ‘सी-सिक्स’च्या, जॅझच्या वळणासाठीं. ओझें मात्र फार होतें. म्हणून कांहींनीं 12 तारांची एकच जुळणी पत्करिली. तींत ‘ई’च्या तारा दांड्यानें अर्धा स्वर उतरविल्या कीं ‘बी-सिक्स’ सिद्ध होते. ही ‘सी-सिक्स’हून अर्धा स्वर खालीं, म्हणून हातांतील पोलादी कांडी एक घर पुढें न्यावी. तोटाही आहे: ‘डी’ची स्वतंत्र तार बहुधा जाते, तो स्वर दांड्यानेंच काढावा लागतो.

आमच्या मतें, दोन्ही वळणांची खरी आवड असेल त्यानेंच हा मार्ग धरावा. एकदां धरला म्हणजे सोडूं नये. वरचेवर जुळणी बदलणाऱ्याचा हात कधींच बसत नाहीं.