अकरा, नऊ की आठ?

(तात्या सातारा जिल्ह्यातून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. पुतणी सांगलीकडच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते.)

पुतणी : तात्या, मापनाची चाचणी झाली. बहुतेकांना पैकीच्या पैकी!

तात्या : विचारलंस काय?

पुतणी : 3 मीटर म्हणजे किती सेंटिमीटर, अडीच किलो म्हणजे किती ग्रॅम.

तात्या : ही शून्यं लावायची परीक्षा झाली. मापन कुठं आलं त्यात? पट्टीवर पेन्सिल अशी ठेव, की टोक 3 वर आणि बूड 11 वर. मग लांबी विचार.

पुतणी : आठ सेंटिमीटर. सोपं आहे की.

तात्या : तुला सोपं आहे. एखादा 11 म्हणेल. त्याला शेवटचा आकडा वाचायचा एवढंच ठाऊक. एखादी 9 म्हणेल. तिनं रेघा मोजल्या, रेघांमधली अंतरं नाही मोजली. दोघंही चुकले, पण दोघांना समजवायचं वेगवेगळं. तुझ्या पेपरात दोघांनाही पैकीच्या पैकी.

पुतणी : मोठी झाली की कळतं ना आपोआप?

तात्या : नाही कळत. 2017 च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांना हेच विचारलं होतं. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा 86 टक्क्यांचं बरोबर आलं, मधूनच ठेवली तेव्हा फक्त 40 टक्क्यांचं.

पुतणी : बापरे! पण याला गुण कसे द्यायचे? आठला दोन, नऊला एक?

तात्या : गुणांचं राहू दे. आधी फळा वितीनं मोजायला लाव. मोजण्याआधी विचार, विती कुणाच्या जास्त भरतील, बाईंच्या की तुझ्या? 'बाईंचा हात मोठा, म्हणून बाईंच्या' असं जो म्हणेल, त्याला एकक अजून कळलेलं नाही. माप लहान तर संख्या मोठी, हे उमगल्याशिवाय मीटरचे सेंटिमीटर करणं म्हणजे नुसती घोकंपट्टी.

पुतणी : आणि उंच पेल्यातलं पाणी पसरट भांड्यात ओतायचं. आणि पाणी तेवढंच राहिलं का, ते विचारायचं. मानसशास्त्रज्ञ पियाजेचा प्रयोग. डी.एड.ला होतं ते.

तात्या : होतं, पण वर्गात कधी ओतलंस का? काटा, मापं, लिटरची भांडी कपाटात कुलूपबंद ठेवलेली मी उभ्या नोकरीत पाहिली. हरवलं तर भरून द्यावं लागेल, ही भीती! आणि मास्तरांचा वेळ माहिती भरण्यात जातो. खरं तर कपाटाबाहेरही मापं आहेतच. पावसाळ्यात आपल्या पोरांच्या कानावर दिवसभर मापंच पडतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर धोका. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. पुलाजवळचं पाणी फुटांत आणि कोयना धरणातलं टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, असं का, हे कुणी विचारतं का? एक उंची, दुसरं घनफळ. घरात जमिनीच्या गुंठ्यांवरून वाद चाललेले असतात. मैदानावर 33 फुटांचा चौरस आखून पोरांना त्यात उभं कर. आपला गुंठा केवढा, ते डोळ्यांनी दिसेल.

पुतणी : ते करीन. पण गुण, तात्या? वर्गात बत्तीस मुलं. आकारिक मूल्यमापनाचे तक्ते भरायचेत. साहेब नोंदवही बघतात.

तात्या : तुझी गाडी गुणांवरच अडलीय! आकारिकमध्ये प्रात्यक्षिक असतंच ना? रोज चार-पाच मुलांना जवळ बोलव. पट्टी कुठं लावतात ते बघ आणि 'कसं काढलंस?' एवढंच विचार. वर्णनात्मक नोंदीत 'सुधारणा आवश्यक' लिहू नकोस, त्यातून काहीच कळत नाही. 'अंतरांऐवजी रेघा मोजते' असं लिही. साहेबांनी विचारलं तर ती पट्टी त्यांच्यापुढं ठेव.

पुतणी : म्हणजे गुण द्यायचेच नाहीत?

तात्या : दे की. पण पहिल्या खेपेचे धरू नकोस, ती खेप तुला काय शिकवायचंय ते कळण्यासाठी. शिकव, पंधरा दिवसांनी पेन्सिल 5 वर ठेवून पुन्हा विचार, आणि ते गुण तक्त्यात भर.