वेळासचे पाहुणे

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसे चोरून नेत, कुत्री व कोल्हे उकरून खात. २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांचे संरक्षण आरंभिले. अंडी कुंपणात वाळूखाली पुरतात. सुमारे ५० दिवसांनी निघालेली पिल्ले समुद्राकडे सोडतात. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पर्यटक ग्रामस्थांच्याच घरी उतरतात, जेवतात. अशा रीतीने अंड्यांच्या रक्षणातूनच गावाला उत्पन्न मिळू लागले. मात्र गर्दी, प्रखर प्रकाश व स्पर्श पिल्लांना घातक ठरतात. म्हणून पाहुण्यांनी दुरूनच पाहणे हितावह होय.

पाठगत प्रश्न : कासवांचे रक्षण आणि गावाचे उत्पन्न यांतील संबंध स्पष्ट करा.