स्वयंपाकघराची रचना आणि श्रावकाचा आचार

नवे घर बांधावयास काढले की व्यापारी गृहस्थ प्रथम दिवाणखान्याचा विचार करतो, नंतर मोटारीच्या जागेचा, आणि मग जी जागा उरेल ती स्वयंपाकघरास मिळते. वस्तुतः जैन कुटुंबाच्या नित्य आचारापैकी फार मोठा भाग याच खोलीत पाळला जातो. पाणी गाळणे, धान्य निवडणे, सूर्यास्तापूर्वी पाने वाढणे, शिळे न ठेवणे आणि अतिथीस शुद्ध आहार देणे ही व्रते सर्व कुटुंबाची असली, तरी ती सांभाळण्याचे कष्ट बहुधा एकट्या गृहिणीच्या वाट्यास येतात. यास्तव जे स्वयंपाकघर हे कष्ट हलके करील, तेच आपल्या समाजाचे आदर्श स्वयंपाकघर होय; मग त्याची लादी कितीही साधी असो. भोपाळच्या अरेरा कॉलनीसारख्या वसाहतीत, जेथे जुनी घरे पाडून नवी उभी राहत आहेत, तेथे या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

दिशा व प्रकाश

भोपाळ कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. येथे डिसेंबरच्या आरंभी सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेरीस सात वाजून गेल्यावर. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, भोजन आटोपण्याचा कडक नेम ज्या घरी आहे, तेथे हिवाळ्यात पाने पावणेपाचपूर्वीच उचलली गेली पाहिजेत. दुकान चौक बाजारात आणि घर अरेरा कॉलनीत, अशा गृहस्थास त्या वेळी घरी पोहोचणे कठीण असते. सबब दुपारी साडेतीनच्या सुमारास डबा भरून निघेल अशी सोय हवी. डबे पुसून, भरून, ओळीने ठेवण्यासाठी दाराजवळ हात-दीड हात लांबीची स्वतंत्र फळी असावी. एवढ्या लहान गोष्टीने रोजची धावपळ वाचते व नेमही टिकतो.

पावसाळ्यात येथे वारा मुख्यत्वे पश्चिम व नैर्ऋत्येकडून वाहतो. म्हणून स्वयंपाकघर पूर्वेस किंवा आग्नेयेस असल्यास धूर व वाफ घरात न शिरता बाहेर जातात. उन्हाळ्यातील तिसऱ्या प्रहरीचे ऊनही चुलीच्या भिंतीवर येत नाही. वास्तुशास्त्रातील आग्नेयेचा संकेत येथील हवेशी असा जुळतो. जेवणाची जागा मात्र पश्चिमेस असावी, म्हणजे शेवटच्या प्रहरीचा उजेड पानांवर पडेल व दिवा लावावा लागणार नाही. त्या बाजूस रुंद छज्जा किंवा व्हरांडा असला म्हणजे उन्हाचा तापही सोसवतो. स्वयंपाकघराची खिडकी बाहेरच्या मोकळ्या जागेत उघडणारी व निदान १ चौरस मीटर असावी, असे राष्ट्रीय बांधकाम संहिताही सांगते.

पाणी

पूर्वी प्रत्येक घरी घडवंचीची जागा मानाची असे. आज नळ आला आणि ती जागा गेली. गाळण्याचे वस्त्र कोठे धुवावे, कोठे वाळवावे याचा विचार नकाशात होत नाही. नळाच्या तोंडास पिशवी बांधून ठेवल्याने व्रत साधत नाही. त्या वस्त्रात अडकलेले जीव तेथेच सुकून मरतात. पाणी दुहेरी जाड वस्त्रातून भांड्यात गाळावे आणि जिवाणी मूळ पाण्यात हळुवार सोडावी, ही परंपरा आहे. मोठा तलाव, कोलार किंवा नर्मदा येथून नळाने येणारे पाणी आधी घराच्या टाकीत साठते. तेव्हा टाकीचे झाकण स्वयंपाकघराच्या मागील दाराशी, उचलण्यास सोपे असे असावे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटांची असल्याने गाळण्याचे काम दिवसातून अनेकदा करावे लागते. ते जर दहा पावलांवर असेल तर होईल. जिना उतरून करावयाचे असेल तर हळूहळू सुटेल.

साठा

धान्याची कोठी कोरडी, जमिनीपासून वीतभर उंच व बाहेरच्या ओल्या भिंतीपासून सुटी असावी. येथे वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि ओलीत पोरकिडे होतात. एकदा कीड झाली की हिंसा टळत नाही. म्हणून अहिंसेचा आरंभ कोरड्या कोठीपासून करावा. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ व पावसाळ्यात ३ दिवसांची मानतात. त्या हिशेबाने पिठाचा मोठा पिंप निरुपयोगी ठरतो; त्यापेक्षा घरघंटीस जागा व तिच्यासाठी विजेची जोडणी द्यावी. रात्रीचे अन्न दुसऱ्या दिवशी न घेणाऱ्या कुटुंबास भले मोठे शीतकपाटही लागत नाही. द्विदळाचा दोष टाळण्यासाठी दही-ताक व डाळींचे पदार्थ यांच्या जागा वेगळ्या असाव्यात, म्हणजे घाईत चूक होणार नाही.

ओटा व विस्तव

जर्मनीत १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या स्थापत्यविशारद स्त्रीने फ्रँकफुर्टच्या घरांसाठी सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे आटोपशीर स्वयंपाकघर रचले. गृहिणीची पावले मोजून आखलेली अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे तेथे झाली. तिच्या रचनेतून काटकसर अवश्य घ्यावी. मात्र ती रचना एकट्या स्त्रीसाठी होती. आपल्या घरी सासू, सून व हाताखालची बाई एकाच वेळी वावरतात. म्हणून समोरासमोर ओटे असल्यास मधली वाट सुमारे १२० सेंटिमीटर हवी.

ओट्याची उंची परदेशी मापाने ९० सेंटिमीटर ठेवण्याची रीत पडत आहे. पाच फूट उंचीच्या स्त्रीस ती जाचक होते. कणीक मळताना खांदे उचलावे लागतात. कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली, म्हणजे बहुधा ८० ते ८५ सेंटिमीटर, ही सोयीची उंची होय. नकाशा काढणाऱ्याने प्रथम घरातील गृहिणीच्या कोपराचे माप घ्यावे.

चुलीवर चांदवा बांधण्याची जुनी चाल वरून जीव अन्नात पडू नयेत म्हणून होती. आजचे धूर ओढणारे यंत्र तेच काम करते; मात्र त्याच्या बाहेरच्या तोंडास व खिडक्यांस बारीक जाळी अवश्य बसवावी. अंधारानंतर दिवा लावावाच लागला तर तो पिवळसर असावा. पांढऱ्या-निळसर दिव्याकडे कीटक अधिक येतात. टाकीतील गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो; म्हणून भिंतीच्या तळाशी झरोका ठेवावा, आणि टाकी शक्य तर बाहेरच ठेवावी.

अतिथी व पंगत

व्यापाऱ्याचे घर म्हणजे पाहुण्यांचे घर. परगावचा आडत्या अचानक येतो. पर्युषणात पारण्याला आप्त जमतात. अतिथिसंविभाग हे तर श्रावकाचे बारावे व्रत. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात; श्वेतांबर साधू घराघरांतून गोचरी घेतात. दोन्ही प्रसंगी चौक्याशेजारी पायरी नसलेली, धुण्यास सोपी व दिवसाच्या उजेडाची मोकळी जागा लागते. तेथे फर्निचर असू नये.

वीस माणसांच्या पंगतीचा हिशेब सोपा आहे. एका पानास ६० सेंटिमीटर रुंदी धरल्यास दहा-दहांच्या दोन ओळींस ६ मीटर लांबी लागते. बसण्यास प्रत्येक बाजूस ९० सेंटिमीटर व मधे वाढणाऱ्यास १२० सेंटिमीटर धरल्यास रुंदी ३ मीटर होते. पश्चिमेचा व्हरांडा एवढा असला म्हणजे मंडप भाड्याने आणावा लागत नाही. स्वयंपाकघर व जेवणाची जागा यांमध्ये वाढण्याची खिडकी ठेवावी, म्हणजे वाढणाऱ्याने आत-बाहेर करावयाचे कारण राहत नाही. मोठ्या पातेल्यांसाठी मागील अंगणात जोडणी असावी, म्हणजे पाहुण्यांच्या दिवशीही घरचा रोजचा ओटा मोकळा राहतो.

हल्ली दिवाणखान्याला लागून भिंतीविना स्वयंपाकघर करण्याची हौस वाढली आहे. यजमानीण पाहुण्यांपासून दूर राहत नाही हा त्यात गुण खरा. परंतु चौक्याची शुद्धी व तेलफोडणीचा वास यांचा विचार केल्यास मधे काचेचे सरकते दार घेणे श्रेयस्कर. दार बंद असतानाही दृष्टी खुली राहते आणि प्रसंगी ते उघडता येते.

या सूचनांस मोठा खर्च नाही. झाकणाची जागा, खिडकीची दिशा, ओट्याची उंची या गोष्टी पाया खोदण्यापूर्वी ठरविल्यास फुकट साधतात. भिंती उभ्या राहिल्यावर त्यांस मोल पडते. म्हणून सभासद बंधूंनी नकाशावर सही करण्यापूर्वी तो घरातील स्त्रियांपुढे ठेवावा व त्यांचे दोन दिवसांचे कामकाज स्वतः पाहावे. आपण दुकानातील गल्ल्याची, वजनकाट्याची व मालाच्या फळ्यांची जागा जितक्या बारकाईने ठरवितो, तितकाच बारकावा या खोलीस दिला, तर व्रत हे गृहिणीवरचे ओझे न राहता साऱ्या घराचा सहज आचार होईल.