स्वमग्न बालकाची वर्धक लस व शिक्षकाचे कर्तव्य

बालकाचे नाव पहिलीच्या वर्गात दाखल होते, त्याच सुमारास त्याच्या लसीकरणाचा एक महत्त्वाचा टप्पा येतो. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात या तीन रोगांवरील त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्रा पाच ते सहा वर्षे या वयात द्यावयाची असते. बहुतेक पालक ती सहज देवितात. परंतु बालक स्वमग्न असेल तर घरात वेगळाच विचार सुरू होतो. “मागची लस टोचली आणि पोराची वाचा गेली, आता उरलेसुरले कशाला घालवावे?” असा प्रश्न पिता शिक्षकासच विचारतो. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे समाधान करावयाचे तर शिक्षकाने विषय नीट समजून घेतला पाहिजे.

शंकेचे मूळ

स्वमग्नता हा रोग नसून मेंदूच्या वाढीतील वेगळेपणा आहे. त्याची लक्षणे पुष्कळदा वयाच्या दुसऱ्या वर्षी घरच्यांच्या ध्यानी येतात. काही बालके शिकलेले चार शब्दही याच काळात विसरतात. गोवर-रुबेला लसीची दुसरी मात्रा व त्रिगुणी लसीची पहिली वर्धक मात्रा यांचा काळही सोळा ते चोवीस महिने हाच असतो. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली, असे मनास वाटते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार आहे.

या समजुतीस बळ मिळाले ते 1998 साली. अँड्र्यू वेकफील्ड या इंग्लंडमधील डॉक्टराने अवघ्या 12 बालकांविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध करून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीकडे संशयाचे बोट दाखविले. 2010 साली नियतकालिकाने तो लेख मागे घेतला व त्याच वर्षी वेकफील्डचे नाव तेथील वैद्यकीय नोंदपुस्तकातून कमी करण्यात आले. लेख गेला, भीती मात्र राहिली.

शास्त्रीय पुरावा

डेन्मार्कमधील 6,57,461 बालकांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. ही एकत्रित लस घेतलेल्या बालकांत स्वमग्नतेचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा अधिक आढळले नाही. ज्यांचे भावंड स्वमग्न होते, त्यांच्यातही हेच दिसून आले. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असून तिचा आरंभ बहुधा जन्मापूर्वीच होतो. ही गोष्ट मातेस हळुवारपणे सांगावी. कारण “आपणच लस दिली” हा सल ती वर्षानुवर्षे मनात बाळगून असते.

वर्धक मात्रा का?

शैशवात मिळालेली रोगप्रतिकारशक्ती, विशेषतः डांग्या खोकला व घटसर्प यांविरुद्धची, काळानुसार क्षीण होते. वर्धक मात्रेने ती पुन्हा वाढते. त्रिगुणी लस सातव्या वर्षापर्यंतच देता येते. म्हणून “पुढे पाहू” म्हणण्यात संधी निघून जाते. पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते.

अमेरिकेत 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार ते सहा वर्षे वयातील सर्व लसी 94.1 टक्के इतर बालकांस मिळालेल्या आढळल्या. स्वमग्न बालकांत हे प्रमाण 81.6 टक्केच होते. घसा दुखतो, श्वास कोंडतो, हे ज्याला सांगता येत नाही, तेच बालक अशा रीतीने उघडे पडते.

लस टोचण्याची पूर्वतयारी

1. लसीकरणाचा दिवस आरोग्यसेविकेकडून आधी समजून घ्यावा व बालकाच्या स्वभावाची तिला कल्पना द्यावी.
2. गर्दी व रडारड सुरू होण्यापूर्वी, शांत जागी, त्याचा क्रम प्रथम लावण्यास सांगावे.
3. केंद्रात जाणे, बाही वर करणे, टोचणे, घरी परतणे अशी चार साधी चित्रे काढून काही दिवस आधी दाखवावीत.
4. “सुई नाही” असे खोटे सांगू नये. “मुंगी चावेल” असेही म्हणू नये. असे बालक शब्दशः अर्थ घेऊन मुंगी शोधीत बसण्याचा संभव असतो. “थोडे दुखेल, मग थांबेल” एवढे पुरे.
5. मातेच्या मांडीवर बसवून आवडती वस्तू हाती द्यावी. चौघांनी मिळून दाबून धरू नये.
6. लस टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबवावे. पुढील दोन दिवस ताप व दंडाची सूज पाहावी. दुखणे शब्दांऐवजी चिडचिडीतून किंवा जेवण नाकारण्यातून प्रकट होऊ शकते.

शिक्षकाची मर्यादा

निर्णय पालकांचा व वैद्यकीय सल्ला डॉक्टरांचा. पूर्वीच्या मात्रेनंतर झटके आले असल्यास किंवा तीव्र ॲलर्जी झाली असल्यास प्रथम डॉक्टरांस दाखविण्यास सांगावे. स्वमग्नता हे मात्र लस टाळण्याचे कारण नव्हे. पालकांशी वाद घालू नये, चारचौघांत विषय काढू नये. आधी त्यांचे ऐकून घ्यावे, मग माता-बाल संरक्षण कार्ड मागून कोणती मात्रा राहिली ते सोबत बसून पाहावे.

चर्चेसाठी प्रश्न

1. एकापाठोपाठ घडलेल्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे की नाही, हे कसे ठरवावे? गावातील एखादे उदाहरण द्या.
2. आपल्या शाळेतील पहिलीच्या कोणत्या बालकांची दुसरी वर्धक मात्रा राहिली आहे? त्यांत विशेष गरजा असलेली बालके किती?
3. लस टोचण्याच्या प्रसंगाची चार चित्रे तयार करून पुढील बैठकीस आणा.